वन्संचे चालू-बंद दिवस

बोर्ली पंचतनच्या आसपास सुपारीच्या वाड्यांचे मालक पुष्कळ आहेत, होड्यांचे आहेत, डंपरचे तर विचारूच नका. पण आगीवर मालकी सांगणारी बाई सबंध श्रीवर्धन तालुक्यात एकच असेल, आणि ती माझ्या नशिबात नणंद होऊन आली. वयाने माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या, आमच्या यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मी त्यांना वन्सं म्हणते, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी वन्सं म्हणताना माझा आवाज एक पट्टी खाली येतो. हे न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात नोकरीला. पंधरा दिवसांनी दोन दिवस घरी येतात आणि पाहुण्यासारखे वागवले जातात. उरलेले तेरा दिवस घरात आम्ही दोघी. त्यात घर यांचं, अंघोळीच्या पाण्याची चूल माझी, आणि गॅस वन्संचा.

हे मी गमतीने म्हणत नाही. लहानपणी पोलिओने त्यांचा डावा पाय बारीक केला. गुडघ्यावर हात दाबून त्या चालतात, पण अशा काही तोऱ्यात चालतात की बघणाऱ्याला आपलेच दोन पाय जरा जास्त झालेत असं वाटावं. स्थळं आली ती पाय बघून परत गेली. एकाला पाय चालला होता, त्याला वन्संनीच परत पाठवलं, कारण तो चहा बशीत ओतून फार जोरात फुंकर मारायचा. पुढे सासरे गेले, घर यांच्या नावावर झालं, आणि त्याच सुमारास वन्संना पंचेचाळीस टक्क्यांचा दाखला मिळून महिन्याचं अनुदान सुरू झालं. गावात त्याला अपंगांचा पगार म्हणतात. वन्सं नुसतं ‘माझा पगार’ म्हणतात, आणि तेही आमचे हे यार्डातल्या पगाराला ज्या सुरात म्हणतात त्याच सुरात. पहिला पगार हातात आल्यावर त्यांनी परस्पर सिलिंडर नोंदवला आणि मला सांगितलं, “वैनी, आजपासून गॅस माझा. भावाच्या घरात ऱ्हाते, पण भावाच्या आगीवर न्हाय जेवायची.” मी तेव्हा नवीन होते. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, जाईल.

ते गेलं नाही, मात्र माझ्या स्वयंपाकाला शिस्त लागली. लायटर वन्संच्या कमरेला. सिलिंडरची गाडी आली की त्या दारात खुर्ची टाकून बसणार, टाकी वजनावर चढवायला लावणार, वायसरवर साबणाचं पाणी सोडून फुगे बघणार, आणि मगच जुनी टाकी बाहेर जाणार. गाडीवाला आमच्या घरी येताना गाणं बंद करून येतो. डाळ भिजवल्याशिवाय शिजायला लागायची नाही. शेवटची भाकरी उतरली की तापलेल्या तव्यावर लगेच सुकट पडली पाहिजे, म्हणजे तेवढी आच वाया जात नाही. मी मागीलदारी कपडे वाळत घालत असले तरी भांड्याबाहेर आलेल्या जाळाचा वन्संना पडवीत बसून वास येतो, आणि “वैनी, आच बारीक करा” ही हाक शेजारच्या तीन घरांत पोचते. त्या तिन्ही घरांतल्या बायका हाक ऐकून आपापली आच बारीक करतात. एकदा यांच्या यार्डातले साहेब आले होते. चहा झाल्यावर ते सहज म्हणाले, घरचा चहा म्हणजे काही वेगळाच. वन्संनी त्यांना शांतपणे सांगितलं की दूध आणि साखर दादाकडची, आग माझ्याकडची. आणि आणखी घोटभर हवा असेल तर आत्ताच सांगा, भांडं पुन्हा तापवायला परवडत नाही. साहेबांनी घाबरून नको म्हटलं.

अशा बाईच्या कानावर एक दिवस आलं की पगाराचे नियम बदलणार. म्हणजे बदलणार असं कुणी ठरवलेलं नव्हतं. बदलावेत असं कुठेतरी चाललेलं होतं. ऑनलाइन अर्ज भरून देणारा दुकानवाला म्हणाला, टक्क्यांची मर्यादा वाढणार, पंचेचाळीसवाले सगळे बाहेर. यष्टीचा कंडक्टर म्हणाला, छे, रक्कमच दुप्पट होणार. मासेवालीकडे बातमी होती की ज्याच्या घरात नोकरीवाला माणूस असेल त्याचा पगार बंद. ही बातमी तिने मांदेलीच्या वाट्यावर फुकट दिली. माझ्या फोनवर रोज एक नवा निरोप यायचा आणि वन्सं तो माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायच्या. कचेरीत विचारायला गेलो तर तिथल्या बाईंनी खरं ते सांगितलं: अजून काही ठरलेलं नाही, ठरलं की कळेल. खोटं बोलणाऱ्या माणसाशी वन्सं तासभर भांडू शकतात. ‘ठरलं की कळेल’ याच्याशी कसं भांडायचं ते त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घेतलं आणि सगळ्या विषम तारखांवर फुल्या मारल्या. म्हणाल्या, आजपासून विषम तारखेला पगार बंद आहे असं धरायचं, सम तारखेला चालू आहे असं धरायचं. विहिरीत पडल्यावर पोहणं शिकून काय उपयोग, आधीच शिकलेलं बरं. मला हसू आलं, पण तारीख विषम होती आणि त्यांनी कमरेचा लायटर काढून माझ्या हातात ठेवला. इतक्या वर्षांत तो मी पहिल्यांदा धरला.

तुम्हाला वाटेल, बंद दिवशी मला मोकळं मोकळं वाटत असेल. पहिल्या दिवशी वाटलंही. मी फक्त हौसेखातर दोनदा चहा केला. पण बंद दिवसाच्या वन्सं म्हणजे वेगळंच प्रकरण. त्या खुर्चीवर बसत नाहीत, मागीलदाराशी सोलायच्या सुपाऱ्यांच्या पोत्याला टेकून बसतात. माझ्या मागून जेवतात. आमटी चांगली झाली म्हणतात, आणि मी मीठ घातलंय का ते पुन्हा चाखून बघते. एकदा दूध उतू जाताना त्या समोर बसून बघत होत्या. सगळं ओट्यावर आल्यावर हळूच म्हणाल्या, “वैनी, तुमचं दूध गेलं.” त्या ‘तुमचं’नं माझा दिवस नासला. हे एकदा नेमके विषम तारखेला घरी आले, तर वन्संनी उठून जागा दिली आणि विचारलं, “दादा, पंखा लावला तर चालंल का?” यांनी पायातली चप्पलही काढली नाही, ताप किती आहे ते मला विचारलं आणि म्हसळ्याच्या डॉक्टरकडे न्यायला रिक्षा बोलवायला निघाले.

मागणं मात्र त्यांना साधायचं नाही. “वैनी, चहा मिळंल का?” इथपर्यंत सगळं रीतसर व्हायचं, मग जीभ घसरायची: “न्हायतर ऱ्हाऊदे. ठेवलात तर झाकण ठेवा. आणि एवढं पाणी कशाला?” मग स्वतःच्याच लक्षात येऊन त्या पदर तोंडाला लावायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून मागायच्या. सम तारखेला पहाटे लायटर परत कमरेला, आणि आदल्या दिवसाची थकलेली सगळी बोलणी मला व्याजासकट मिळायची. माझी हळूहळू अशी गत झाली की विषम तारीख ढकलायची आणि सम तारखेला शिव्या खाऊन तरतरीत व्हायचं. त्यात महिना एकतीसचा निघाला. एकतीस विषम, एक तारीखही विषम. लागोपाठ दोन बंद दिवस. मी हात जोडले की एक दिवस सोडा, मोजण्यात घोटाळा झालाय. त्या म्हणाल्या, सरकार काय आपल्या सोयीनं बंद करणार हाय?

त्या दुसऱ्या बंद दिवशी माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, वन्सं, पगार गेला तर गेला, टाकी मी नोंदवीन आणि नाव तुमचंच राहील, लायटर तुमच्याचकडे. मला वाटलं, त्यांचे डोळे भरून येतील. त्या उलट अशा चिडल्या की बंद दिवसाचा नियम पार मोडला. तुम्ही दिलेली आग माझी कशी होईल, म्हणाल्या, ती तुमचीच, मी फक्त राखण बसलेली. खरं होतं ते.

मग दाखल्यांच्या फेरतपासणीचं शिबिर लागलं. यष्टीने तासाभराचं अंतर, आणि तारीख सोळा. सोळा! चालू दिवस! मी काकुळतीला आले की निदान शिबिरापुरती तरी तारीख विषम धरा. गावातल्या बायका चांगली शिकवण देऊन गेल्या होत्या: दोघींच्या आधाराने उतरा, विचारलं तर काही येत नाही म्हणा, अधूनमधून कण्हा. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि सोळा तारखेला कडक इस्त्रीचं पातळ नेसून, माझा हात झिडकारून यष्टीतून उतरल्या. रांगेत पोचताच त्यांनी आधी रांग नीट लावली. म्हातारी माणसं सावलीत, चालता येणारे उन्हात, स्वतः उन्हात.

आतले डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी मावशी म्हणून एकेक विचारायला सुरुवात केली आणि वन्संनी खरं खरं सांगायला. जिना चढता का? घरात जिना नाही, असता तर चढले असते. पाणी भरता का? कळशी उचलते. स्वयंपाक? वैनी करते तेवढा सगळा येतो, फक्त गॅस निम्मा लागतो. मी मागे उभी राहून खोकत होते. शेवटी वन्संनी माझ्याकडे वळून सांगितलं की डॉक्टरसाहेबांच्या इथे आलोच आहोत तर खोकलाही दाखवून घ्या. डॉक्टरांना हसू आवरेना. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “मग मावशी, तुम्हाला जमत नाही असं काय आहे?”

वन्सं पाठमोऱ्या होत्या, त्यामुळे तोंड मला दिसलं नाही. गुडघ्यावरचा हात तेवढा दिसत होता.

“मागायला जमत न्हाय,” त्या म्हणाल्या. “एक दिवसाआड शिकतेय. न्हाय जमत.”

डॉक्टर हसायचे थांबले. उठून त्यांनी स्वतः टेप घेतली, वन्संच्या दोन्ही पायांची मापं काढली, नीट, दोनदा, आणि लिहून ठेवली. बाकीचं लिहायला त्या कागदावर जागा नव्हती. म्हणाले, कागद वर जातील, वरून काय ते कळेल. वन्सं म्हणाल्या, कळेल हे आम्हाला आधीच कळवलंय.

याला आता चार महिने झाले. अजून काही आलेलं नाही. पगार येतो आहे, आणि बदलणार बदलणार हेही येतंच आहे. कॅलेंडर बदललं, फुल्या चालू आहेत. मी यांना फोनवर वन्संचे किस्से सांगते, हे तिकडे यार्डात चार जणांना सांगतात, आणि ते सगळे हसतात. मीही हसत होते. परवा एकोणीस तारखेला संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते. वन्सं पोत्याला टेकून बसल्या होत्या. त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, “वैनी, वाईच चहा मिळंल का?” आणि त्या थांबल्या. झाकणाचं नाही, पाण्याचं नाही, पुढे काही नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. जमिनीकडे बघत बसल्या, जशी मागणारी माणसं बसतात. पहिल्यांदाच त्यांना बरोबर जमलं होतं.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. चहा केला, नेऊन दिला, आणि मी त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसले. मी म्हटलं, “वन्सं, असं नका हो मागू. माझ्यावर ओरडा.”

त्यांनी एक घोट घेतला. साखर मी घालायची विसरले होते, तेही त्यांनी सांगितलं नाही. कप खाली ठेवून त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आज बंद हाय,” त्या म्हणाल्या. “उद्या वरडते.”

मी मान हलवली. रात्रभर मला धड झोप लागली नाही. पहाटे कधी एकदा त्या ओरडतात असं मला झालं होतं.