देवाचं जनावर

कौसाबाई जिंतूरजवळच्या एका गावात मजुरी करते. ती ज्यांच्या शेतात जाते त्या गंगाधररावांनी रानडुकरं येऊ नयेत म्हणून सोयाबीनभोवती तार ओढून तिच्यात विजेच्या लाइनवर टाकलेल्या आकड्यानं चोरीची वीज सोडली होती. तारेला चिकटून एक वानर मेलं. गावानं बँड लावून अंत्ययात्रा काढली. पुढं हार घेऊन गंगाधररावच. कौसाबाईचं डोकं फिरलं. ती आडवी गेली.

"परवा गाभण डुकरीण मेली, ती तुमी ओढ्यात फेकली. तिला जीव नव्हता का?"

"हे देवाचं जनावर हाय, बाई."

"मग देवाला मारलं कुणी?"

बँड थांबला. ती तडक शेतात गेली आणि वाळल्या काठीनं आकडा पाडला. गंगाधररावांनी तिचं काम बंद केलं. पुढं वानराची समाधी झाली आणि आकडाही पुन्हा लाइनवर चढला. कौसाबाईनं तो पुन्हा काढला.