बाकी सगळं मी केलं

लिगायाला त्या पत्रातलं अक्षर न् अक्षर कळत होतं आणि एकूण काय म्हणायचंय ते मात्र काही केल्या कळत नव्हतं. विनिपेगला येऊन तिला नऊ वर्षं झाली होती. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवण्या-बसवण्यात दिवस जायचा. आता कुठे तिनं गावाकडच्या आईला आणि धाकट्या बहिणीला कायमचं इकडे आणण्यासाठी अर्ज टाकला होता. त्यावर सरकारचं हे उत्तर. आई धाकट्या मुलीच्या जन्माच्या वेळी सत्तेचाळीस वर्षांची होती, तेव्हा दोघींची डीएनए तपासणी करून पाठवावी.

आता झाली ना पंचाईत. रोवेना ही लिगायाची बहीण नव्हतीच. ती लिगायाची मुलगी होती.

यात लबाडी कुठे आली, तुम्हीच सांगा. लिगाया सतरा वर्षांची, ज्याच्याशी जमलं तो पोरगा जहाजावर नोकरीला गेला तो गेलाच, आणि पोट काही लपेना. तेव्हा तिच्या आईनं, सेगुंदानं, नगरपालिकेत जाऊन बाळ स्वतःच्या नावावर नोंदवून टाकलं. तिकडे गावाकडे, आमच्या बेटांवर, घरटी एक तरी असं पोर सापडेल. शेजारीपाजारी सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी चकार शब्द काढत नाही. लिगाया परदेशी कामाला लागली, पोर आजीला आई आणि आईला ताई म्हणत मोठी झाली. पुढे इथं कायमचं राहण्याचा अर्ज भरताना ‘मुलं’ या रकान्यात लिगायानं ‘नाही’ लिहिलं आणि ‘भावंडं’ या रकान्यात रोवेनाचं नाव घातलं. आपण खोटं लिहितोय हे तिच्या मनातही आलं नाही. दाखल्यावर होतं तेच तिनं लिहिलं.

रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये एका बाजूला शेवयांची पातेली उघडतात आणि दुसऱ्या बाजूला फर्मिना मावशी टेबल मांडून बसते. बाई पूर्वी सरकारी कचेरीत कारकून होती, आता फुकटात लोकांचे अर्ज बघून देते आणि वर चार शब्द सुनावतेही. तिनं पत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “तपासणी केली तर काय निघेल?”

लिगायानं मान खाली घातली. मावशीनं स्वतः दोन पोरं वाढवून तिसरं बहिणीच्या नावावर चढवलेलं, तिला काय सांगायचं राहिलं होतं.

मग मावशीनं समजावलं. खरं लिही. तेव्हा मुलीचं नाव गाळलंस, एरवी तेवढ्यावरच अर्ज फेटाळतात, पण अशा चुकलेल्यांना एक सवलत आहे, लागू पडली तर पडेल. तू आई म्हणून नव्यानं अर्ज करायचा. रोवेनाला बावीस पूर्ण व्हायच्या आत, म्हणजे चार महिन्यांत. त्यानंतर ती सरकारी हिशेबात मूल राहत नाही, तिचं दार बंद. आणि तुझ्या आईनं लिहून द्यायला हवं की ही मुलगी मी जन्माला घातलेली नाही.

“आणि आईचा अर्ज?”

“तो वेगळा चालेल. त्याला किती वर्षं लागतील ते देवाला माहीत.”

म्हणजे पोरगी येणार आणि म्हातारी मागे एकटी राहणार. खरं बोललं तर आईची लेक जाते, खोटं बोललं तर दोघींचाही अर्ज जातो. लिगाया आठवडाभर म्हाताऱ्यांना भलत्याच खोलीत नेऊन बसवत होती. कोण कुणाची कोण, हे तिचं तिलाच उमजेना. आपण रोवेनासाठी खरं बोलतोय की आता ती आयती हवीशी वाटतेय म्हणून, हेही कळेना.

शेवटी तिनं फोन केला. सेगुंदानं सगळं ऐकून घेतलं.

“तेव्हा खोटं लिहून दिलं ते तुझ्यासाठी,” ती म्हणाली. “आता खरं लिहून द्यायचं तेही तुझ्यासाठीच. माझ्यासाठी काय लिहायचं गं, लिगाया?”

सेगुंदानं फोन ठेवला आणि पुढचे तीन आठवडे उचललाच नाही. इकडे तारखा सरत होत्या. रोवेनाचा मात्र एक निरोप आला, की आईनं मला सगळं सांगितलंय, मला जरा डोकं शांत होऊ दे. पुढे काही नाही. लिगाया तो निरोप दिवसातून दहादा वाचायची आणि पोर चिडलीय की रडलीय याचा अंदाज बांधत बसायची.

मुदतीला महिना उरला असताना पाकीट आलं. वकिलाचा शिक्का, सेगुंदाची वेडीवाकडी सही. लिगाया ते न उघडताच मावशीकडे घेऊन गेली. मावशीनं मोठ्यानं वाचलं.

“मी, सेगुंदा, शपथेवर सांगते की रोवेनाला मी जन्म दिलेला नाही. बाकी सगळं मी केलं.”

मावशीनं नाक पुसलं आणि लगेच कारकुनी आवाजात म्हणाली की दुसरं वाक्य नको होतं. साहेबाला पहिलं पुरे. उगाच फाटे फुटतील, तेवढं काढून नवीन मागव.

“राहू दे मावशी,” लिगाया म्हणाली. “खरं आहे ते.”

“बरं बाई. मग आता तुझं. असंच लिही, आई म्हणून.”

लिगायानं कागद पुढे ओढला. मी, लिगाया, शपथेवर सांगते की रोवेनाला मी जन्म दिला, इथपर्यंत हात झरझर चालला. पुढे काय लिहावं? पोरीला इथून पाठवलेले बूट आठवले, ते नेहमी एक माप लहान निघायचे. पोरीचा पहिला दात कधी पडला, तिला अंधाराची भीती वाटायची की नाही, कांजिण्या आल्या तेव्हा कोण बसलं होतं जवळ, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. हॉलमधली पातेली धुऊन झाली, खुर्च्या भिंतीला लागल्या.

“एवढंच?” मावशीनं डोकावून विचारलं.

“एवढंच,” लिगाया म्हणाली आणि तिनं खाली सही केली.