मावशींची डिश

मावशी प्रयोगशाळेत पेशी सांभाळायच्या. एकवीस वर्षं. त्यांना वेळेवर खायला घालायचं, दाटी झाली की नव्या डिशमध्ये हलवायचं, ऊब जपायची. डॉक्टरेट करणारी मुलं यायची आणि जायची, मावशी तिथेच. त्यांच्या हातून मेलेल्या पेशींची डिश कधी बाहेर गेली नाही, आणि हे सांगायला त्या लाजत नसत. का लाजावं?

या खेपेच्या पोरीवर त्यांचा जरा जास्तच जीव जडला. तिचं काम नाजूक होतं. पेशीच्या अंगावर एक ठरावीक प्रथिन सापडलं की हिरवा चमकणारा रेणू तिला पारखायचा होता. पेशी जिवंत असेल तर कडेकडेनं हिरवी रेघ उमटते; मेलेली असेल तर रेणू आत घुसतो आणि सगळी पेशीच हिरवीगार दिसते. हे तिला मावशींनीच हाताला धरून शिकवलं.

एकदा पोरगी डिशमधलं द्रव काढून फोनवर बोलत बसली. पेशी सुकून मेल्या.

"टाकून दे गं ती," मावशी म्हणाल्या. "मी दुसरी देते."

"हो मावशी, टाकते."

टाकली नाही. त्याच हिरव्यागार डिशचा फोटो, प्रथिनं भरपूर सापडली म्हणून, तिच्या शोधनिबंधात छापून आला. बाहेरच्या कुणीतरी चूक पकडली तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी दोघींना बोलावलं.

"मावशींकडून पेशी तशाच आल्या होत्या," पोरगी खाली बघत म्हणाली.

आता ही मान वर करेल आणि खरं सांगेल, म्हणून मावशी थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच. सरांना तेवढं पुरलं.

बाहेर आल्यावर पोरगी हळूच म्हणाली, "रागावू नका मावशी. तुमची नोकरी पक्की आहे, तुमचं काय जाणार? माझं तर सगळंच गेलं असतं."

मावशींचं काय गेलं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. परक्यानं असं केलं असतं तर चार शिव्या देऊन त्या मोकळ्या झाल्या असत्या. हिनं केसानं गळा कापला होता.

सोमवारी सरांनी नवा नियम काढला. यापुढे मावशींची प्रत्येक डिश तपासूनच बाहेर जाईल. तपासणार पोरगी.

मावशींनी डिश पुढे केली. पोरीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ पाहिलं, वहीत 'सगळ्या जिवंत' असं लिहून खाली सही केली आणि मावशींकडे न बघताच म्हणाली, "ठीक आहेत. द्या आता."