स्वयंपाकघराच्या खिडकीपुढचा पंखा पाम

तमिळ मुलखातल्या तांबरमच्या त्या इमारतीत मराठी घरं दोनच होती, आणि दोन्ही एकाच जिन्यावर आली हे आमचं नशीब. खाली आम्ही, वर त्या. त्यांचे यजमान रेल्वेत, आमचे बँकेत. परमुलखात आपलं माणूस भेटलं की फार बरं वाटतं म्हणतात. आम्हाला ते साधारण आठवडाभर वाटलं. त्या आठवड्यात वरच्या वहिनींनी माझ्याकडून विरजण नेलं आणि मी त्यांच्याकडून गोडा मसाला आणला. मग त्या म्हणाल्या, "तुमचं विरजण आंबटढाण निघालं हो." मी म्हटलं, "मसाल्यालाही जरा कुबट वास होता, पण मी काही बोलले नाही." तिथपासून आमचं जे सुरू झालं ते त्यांची बदली होईपर्यंत चाललं.

भांडणाचं मूळ मात्र आमची खिडकी. स्वयंपाकघराची ही खिडकी कुणा शहाण्याने बाहेरच्या उघड्या जिन्याच्या पहिल्या वळणाकडे काढली होती. ती बंद ठेवली की मीच कुकरमध्ये बसल्यासारखी व्हायची. उघडी ठेवली की जिना चढणाऱ्या प्रत्येकाला माझी कढई, माझा गाऊन आणि ओट्यावरचा पसारा असं सगळं दर्शन घडायचं. बाकीचे लोक नजर टाकून पुढे जात. वहिनी थांबत.

"आज परत दोडका?"

"हो ना. तुमच्याकडे काय आहे?"

"आमच्याकडे रोज वेगळं असतं, काय सांगू एकेक. तेल जरा जास्त झालंय बघा. म्हणून भावोजींचं पोट..."

असं अर्धं वाक्य खिडकीत ठेवून त्या वर निघून जात. उरलेलं मी दिवसभर पूर्ण करत बसायची.

पडदा लावून पाहिला. वारा थांबला, आणि पडद्याचं टोक एकदा गॅसवर जाऊन आलं. मग मला झाडाची कल्पना सुचली. खिडकी आणि जिना यांच्यामध्ये खाटेएवढी मातीची जागा होती. तिथे असं झाड हवं होतं, की जे वारा येऊ देईल आणि वहिनींना येऊ देणार नाही.

कोवलमच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेत ते सापडलं. पंखा पाम. माझ्या कमरेएवढा, हाताच्या उघड्या पंजासारखी पानं, आणि देठांना दोन्ही बाजूंनी करवतीसारखे काटे. काटे बघून माझा जीव सुखावला. रोपवाटिकेतल्या बाईंनी मोडक्या इंग्रजीत बजावलं, हा जरा थंड मुलखातला आहे, इथलं ऊन त्याला सोसत नाही, पहिले दोन-तीन उन्हाळे सावली द्या, पाणी द्या. मी यजमानांना म्हटलं, "म्हणजे आपल्यासारखाच." ते म्हणाले, "आपल्याला कोण सावली देतंय?"

रिक्षावाले काटे बघून निघून गेले, तेव्हा आम्ही बसनेच आलो. मासळीच्या टोपल्यांमध्ये पामाची कुंडी, कुंडीला कवटाळून आमचे यजमान. एका कोळिणीच्या पदरात काटा अडकला. ती तमिळमध्ये जे काही बोलली ते मला कळलं नाही, पण सबंध बस हसली आणि आमच्या यजमानांनी, काही न कळताच, तिची दोनदा माफी मागितली.

पाम लावला. दुसऱ्याच दिवशी वरून आवाज आला, "वहिनी, नारळ लावायचा ना! याला ना फळ, ना फूल. नुसते काटे. कुणावर गेलंय म्हणायचं?"

मी म्हटलं, "शेजारावर जात असतील हो झाडं."

पहिला उन्हाळा आला तेव्हा मी चार काठ्या रोवून जुनी चादर बांधली. लगेच जिन्यातून, "अगंबाई, झाडाला पदर दिलात? चला, घरात कुणीतरी अंग झाकून आहे." हे माझ्या गाऊनला होतं. त्या दिवशी माझा भात करपला.

पण पाम लागला. नवं पान निघताना आधी बंद छत्रीसारखं टोक वर येतं आणि मग एखाद्या सकाळी ते उलगडतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पानं खिडकीच्या गजांपर्यंत आली. तिसऱ्या वर्षी मला ओट्याशी उभं राहून जिना दिसेनासा झाला. वहिनी वळणावर थांबायच्या, मान इकडून तिकडून करायच्या, काही दिसायचं नाही. शेवटी नाकाने हुंगून अंदाज करायच्या, "वांगं का?" मी मुद्दाम उत्तर द्यायची नाही. एवढं सुख मला त्या शहरात दुसऱ्या कशाने दिलं नसेल.

आणि मग ती कोरडी वर्षं आली. नळ आटले, बोअरचं पाणी मचूळ झालं, नंतर सरळ खारट. आठवड्यातून दोनदा पाण्याची लॉरी यायची आणि प्रत्येक घराला मोजके घडे मिळायचे. बायका रंगीत प्लॅस्टिकचे घडे घेऊन रांगेत उभ्या असताना मी शोभेच्या झाडाला पाणी घालणार, हे कुणाला आवडेल? वहिनींनी तेवढंच धरलं. रांगेत त्या मोठ्याने म्हणत, मराठीत, म्हणजे फक्त मला कळावं म्हणून, "काहींच्या घरी माणसं तहानलेली आणि झाडं न्हालेली."

आता आमच्या मराठीबद्दल सांगायला हवं. इमारतीत बाकी सगळी घरं तमिळ. त्यामुळे आम्ही दोघी जिन्यात, गच्चीत, रांगेत, जिथे असू तिथे मराठीत वाटेल ते बोलत असू. चेहरा हसरा ठेवायचा आणि आत विष कालवायचं, ही आमची पद्धत. बघणाऱ्यांना वाटायचं दोघी मैत्रिणी गप्पा मारतायत. याच पद्धतीने आम्ही इतरांचाही समाचार घेत असू. समोरच्या घरातले मामा इमारतीचे सेक्रेटरी होते. निवृत्त, उंच, हाडकुळे, सदानकदा शुभ्र वेष्टी म्हणजे लुंगीसारखं धोतर नेसलेले, कानाशी रेडिओ. त्यांना आम्ही त्यांच्या तोंडावर "सुकलेला शेवगा" म्हणत असू. हे नाव कुणी पाडलं यावर मात्र आमचं एकमत नव्हतं.

तर पाणी. मी जाहीर केलं की लॉरीच्या पाण्याचा थेंबही पामाला घालणार नाही, फक्त वापरलेलं पाणी घालीन. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, आणि आंघोळीचं. यजमानांना मी पसरट टबात उभं राहून आंघोळ करायला लावली. साबण बंद, नुसतं डाळीचं पीठ. ते म्हणायचे, "बँकेत लोक विचारतात, भज्यांचा वास कुठून येतो?" मी म्हणायची, "झाड जगतंय ना!" ते टबात एका पायावर उभे राहून म्हणायचे, "मी पण जगतोय, मधूनमधून विचारत जा."

त्या मे महिन्यात पानांची टोकं अचानक तपकिरी झाली. आधी वाटलं उन्हाने. यजमानांनी कात्री घेऊन सगळ्या पानांची टोकं सरळ रेषेत कापली. आमचा पाम सैन्यात भरती झाल्यासारखा दिसायला लागला. पण आठवडाभरात तपकिरी रंग आणखी आत सरकला. मधलं छत्रीसारखं नवं टोक जागच्या जागी थांबलं. मातीवर पांढरट थर दिसला. मी बोटाने चाटून पाहिला. मीठ.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीशी टपून बसले. वरच्या बाल्कनीतून पातेल्याचा काठ दिसला आणि पिवळं पाणी धबकन पामाच्या बुंध्यात पडलं. लोणच्याच्या कैरीला सुटलेलं मिठाचं पाणी! वहिनींकडे त्या वर्षी चार घरांची लोणची घातली जात होती.

मी जिन्यात गेले.

"वहिनी, काय करताय हे?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "का हो? तुम्हीच म्हणता ना, वापरलेलं पाणी चालतं. म्हटलं, आमचाही हातभार."

"मिठाने झाड मरतं!"

"आमच्या लोणच्याला कधी काही झालं नाही."

त्या संध्याकाळी मी सेक्रेटरी मामांकडे तक्रार घेऊन गेले. वहिनीही मागोमाग आल्या. मामा खुर्चीत बसले होते, रेडिओ बंद करून मांडीवर ठेवलेला. मी माझं ठेवणीतलं इंग्रजी काढलं. "सार, धिस लेडी इज थ्रोइंग सॉल्ट वॉटर ऑन माय ट्री."

वहिनी म्हणाल्या, "सार, शी ओन्ली टोल्ड, यूज्ड वॉटर इज गुड."

मामांनी मान हलवली. पुन्हा हलवली. शेवटी मी वहिनींकडे वळून, चेहरा गोड ठेवून, मराठीत म्हटलं, "यांना काही कळलेलं दिसत नाही. नुसती मान हलतेय."

वहिनीही हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, "शेवग्याला काय कळायचंय? तुमच्या झाडाला जास्त समजत असेल." एवढ्या वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं होतं.

मामा म्हणाले, "शेवगा कोणी म्हटलें प्रथम?"

मी आधी मागे बघितलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

"आम्हींही मराठीच," मामा म्हणाले. "तंजावूरचे. आमच्या घरांत हेंच बोलणें." शब्द जुने, पोथीतल्यासारखे, आणि चाल पूर्ण तमिळ. "तुम्हीं जिन्यांत जें जें बोललां तें समस्त ऐकिलें. रेडिओ मोठा केला, तरी ऐकूं येतें. कोणी म्हटलें शेवगा?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

माझ्या डोक्यात भराभर जिना फिरायला लागला. विरजणापासून गाऊनपर्यंत, भावोजींच्या पोटापासून मी वहिनींच्या माहेराबद्दल काढलेल्या उद्गारांपर्यंत. सगळं या माणसाने समोर बसून ऐकलं होतं. वहिनींचा चेहरा कैरीसारखा झाला होता. माझाही वेगळा नसणार.

मी कसंबसं म्हटलं, "मामा, पण झाड..."

"झाड येथें आणा," मामा म्हणाले. "माझ्या खिडकीपुढें."

"तुमच्या?"

"तुमच्या डोक्यावर ह्यांची बाल्कनी. तेथें तें मरेल. येथें वर कोणी नाहीं, दुपारीं भिंतीची सावली असते. आणि ह्या खिडकींतून मला जिना दिसतो." त्यांनी मांडीवरचा रेडिओ सरळ केला. "जिना पाहून मी कंटाळलों."

"मामा, ते माझ्या ओट्यासाठी लावलंय हो. एवढी वर्षं वाढवलंय मी."

"जगवायचें कीं आडोसा करायचा? एक सांगा."

मला दोन्ही हवं होतं. ते मी म्हटलं नाही. वहिनी बाजूला उभ्या होत्या आणि त्यांना माझ्या तोंडून 'आडोसा' ऐकायचं होतं, एवढ्यासाठीच मी ताबडतोब म्हटलं, "जगवायचं."

"मग मीठ धुवायला गोडें पाणी लागेल. दोन्ही घरांतून रोज एकेक घडा. लॉरीचें पाणी, आंघोळीचें नव्हे."

वहिनी म्हणाल्या, "माझा काय संबंध? झाड यांचं!"

"मीठ तुमचें," मामा म्हणाले आणि त्यांनी रेडिओ लावला.

रविवारी दोघींच्या यजमानांनी पाम खणला. पानं वर गोळा करून माझ्या जुन्या साडीच्या पट्टीने बांधली होती, तरी वहिनींच्या यजमानांना काटे लागले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. खारट माती मुळांवरून झटकून टाकली, मामांच्या खिडकीखाली नवा खड्डा, त्यात जुनं कुजलेलं शेण. त्यानंतर रोज सकाळी आम्ही दोघी आपापला घडा घेऊन तिथे हजर. समोरचीने पूर्ण घडा ओतला की नाही, हे बघितल्याशिवाय आपला ओतायचा नाही. बोलणं बंद, कारण बोलायची भाषाच काढून घेतली होती. एकदा वहिनी तळाला थोडं पाणी ठेवून निघाल्या. मी त्यांच्या घड्यात डोकावले. त्यांनी परत येऊन तेवढंही ओतलं, माझ्या पायांवर अर्धं.

पावसाळा येईपर्यंत पाम सावरला. मधलं टोक हललं, पान उलगडलं, अगदी हिरवंगार. मामांची खिडकी झाकली गेली. माझी मात्र पुन्हा उघडी पडली.

मग वहिनी वळणावर थांबायच्या, मोठ्या आवाजात, समोर मामांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "काय सुंदर वास येतोय हो वहिनी! फोडणी किंचित जळलीय, पण छान."

आणि मी झारा हातात घेऊन तितक्याच मोठ्याने म्हणायची, "या ना आत, वहिनी. तिथून नीट दिसत नसेल."

त्या खरंच एकदा आत आल्या. बसल्या, दोडका खाल्ला आणि जाताना म्हणाल्या, "मीठ कमी आहे."