दिलबहार साउंड, भूम

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण एका दुपारी माझा आवाज मला सोडून बाहेर गेला होता, आणि तो ऐकणारी बाई खोटं बोलणारी नव्हती... म्हणून लिहितो. शाळा सातवीतच सुटली, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

साठ सालानंतरची गोष्ट. मी मूळचा देवगडकडचा. टुरिंग टॉकीजबरोबर हिंडत भूमला आलो, टायफॉइड झाला आणि टॉकीज मला टाकून पुढं गेली. बाजारात लाउडस्पीकर भाड्यानं देणाऱ्या चाचांनी मला घरी नेलं. चाचींनी पोटच्या पोरासारखं केलं. ते उपकार मी कशानं फेडणार?

चाचांकडं जर्मन टेपरेकॉर्डर होता. सिनेमाच्या रेकॉर्डी त्यावर उतरवायच्या आणि परंड्यापर्यंतच्या स्पीकरवाल्यांना टेपा विकायच्या — खरा धंदा हा. आपली टेप दुसऱ्यानं उतरवून विकू नये म्हणून प्रत्येक गाण्याआधी माझ्या आवाजात, "दिलबहार साउंड, भूम." चोरीच्या मालावर स्वतःचं नाव! तेव्हा ती आम्हाला हुशारी वाटली.

त्या नावावरूनच विलायती कंपनीचा माणूस पोलीस घेऊन आला. गाणी मुंबईची, कंपनी साता समुद्रापलीकडची, गुन्हा मात्र भूमचा. जीप दिसताच चाचांनी मशीनची वायर उपटून चाचींकडं दिली, मला मशीन आणि टेपांसकट मागच्या कोठीत घातलं.

"मशीन गावली तर मी गेलो, बेटा. हूं का चूं करू नको."

बाहेरून कुलूप लागलं. दारापुढं स्पीकरचे कर्णे रचल्याचे आवाज आले. पोलिसांनी दुकान उलथंपालथं केलं, कर्णे तेवढे हलवले नाहीत. मग चाचांना चौकीवर नेलं आणि एक शिपाई दुकानात बसवून ठेवला. त्याचा खोकला मला ऐकू येत होता.

चैत्राचं ऊन, चारी बाजूंनी पत्रा, खिडकी नाही. श्वास पुरेना. ओरडलो तर मी सुटणार, पण चाचा आत जाणार... नकळत तोंडातून आवाज निघेल म्हणून मी फडकं तोंडात कोंबलं, वरून करकचून बांधलं. समोर टेपची चाकं जागच्या जागी होती. पुढचं आठवत नाही.

शुद्धीवर आलो ते चाचींच्या मांडीवर. मागचा पत्रा दोरीनं बांधलेला असे. ती दोरी विळीनं कापून त्यांनी आणि त्यांच्या बहिणीनं मला गुपचूप ओढून काढलं होतं.

"बोललास म्हणून कळलं, न्हायतर मेला असतास," चाची म्हणाल्या.

मी फडक्याकडं बोट केलं. गाठ त्यांनीच सोडली होती. त्यांचा चेहरा उतरला.

दुकानामागच्या गल्लीपलीकडं, घरात ज्वारी निवडताना त्यांना माझा आवाज आला होता, कर्ण्यातून यावा तसा, दोनदा — "दिलबहार साउंड, भूम. आत माणूस आहे."

दाराशी बसलेल्या शिपायाला काहीच ऐकू गेलं नव्हतं. मशीनची वायर तर चाचींच्या पिठाच्या डब्यात होती.

मशीन सापडली नाही, चाचा संध्याकाळी सुटून आले. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या टेपा वाजवून पाहिल्या. "दिलबहार साउंड, भूम" सगळीकडं. पुढचं वाक्य कुठंच नाही. ते मी कधी बोललोच नव्हतो.

चाचांनी मशीन विकून टाकली. चाची मात्र शेवटपर्यंत म्हणायच्या, "आवाज तुझाच व्हता रे."

असेल. पण मी तर चाचांचा शब्द पाळून गप्प होतो... मग बोललं कोण?