काट्याकडे पाठ

आमच्या ज्युडो क्लासचे किस्से म्हणजे शब्बीरभाऊंच्या दुकानातला कापूस. कोपऱ्यात रचून ठेवला तरी थोड्या वेळात बसायला जागा उरत नाही! शब्बीरभाऊ आमचे कोच. चंद्रपूरजवळच्या मूल गावात त्यांचं गाद्यांचं दुकान आहे आणि मागच्या बंद राईस मिलच्या गोदामात क्लास. मॅट परवडत नाहीत, म्हणून भाऊंनी स्वतःच जाड गाद्या शिवल्या. आपटलं तरी झोप यावी अशा!

मधे बरेच महिने मी क्लासला नव्हते. कमी वजनाच्या गटात बसायच्या नादात मी जेवण कमी केलं, मग गट राहिला बाजूला आणि जेवणच सुटलं. ताट पाहिलं की भीती वाटायची. चंद्रपूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, ईटिंग डिसऑर्डर. त्या मला वजनकाट्यावर पाठमोरं उभं करायच्या. आकडा त्यांनी बघायचा, मी नाही. जरा बरी झाल्यावर त्यांनी परवानगी दिली, पण आधी जेवण, मग ज्युडो!

*

डॉक्टरबाईंनी भाऊंनाही बजावलं होतं, "हिच्या वजनावर कोणी बोलायचं नाही." आमच्याकडे हे जमणार कसं? इथे 'काऊन व वाळली?' हाच नमस्कार असतो. भाऊंच्या बायकोची, नसीमभाभींची फारच पंचाईत झाली. मला पाहिलं की त्या तोंड उघडायच्या, थांबायच्या आणि म्हणायच्या, "आज मोठी उंच दिसून राह्यली व तू!"

पावसाळाभर मी उंच होत गेले. शेवटी भाऊच वैतागले, "बस कर आता, पोट्टी छपराले लागन!"

*

रोज दारातच भाऊंची उलटतपासणी व्हायची.

"जेवली का व?"

"जेवली."

"काय?"

"पोळी-भाजी."

"कायची भाजी?"

त्या दिवशी मी चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकले.

"भाजीले नाव नाई म्हणजे भाजीच नाई! बस इथी."

भाभींनी वरण-भाताचा डबा पुढे ठेवला. सगळा क्लास गाद्यांवर बसून माझ्याकडे बघतोय म्हटल्यावर घास आणखीच उतरेना. तेवढ्यात माझी जोडीदार पिंकी ओरडली, "खा न व लवकर! मले तुले आपटायचं आहे!"

मला इतकं हसू आलं की डबा कधी संपला कळलंच नाही. मग तिने खरंच आपटलं.

*

आमचं सकाळचं धावणं वाघामुळे बंद झालं. तो रस्त्यावरच दिसला होता, त्यामुळे वनरक्षकाने आम्हाला हाकलून दिलं. मग ताकदीसाठी भाऊंनी नवा व्यायाम काढला. एकमेकींना पाठीवर घेऊन गोदामाला फेरी मारायची.

पहिल्यांदा पिंकीला उचललं आणि आम्ही दोघी भुईसपाट! पण दिवाळीच्या सुमारास मी तिला घेऊन पूर्ण फेरी मारली. भाऊ खूश झाले.

"वाघ आला त आता पिंकीले घेऊन पळशीन तू!"

"अन् नाई झेपलं त?" पाठीवरून पिंकी.

"त तुले ठेवून पळीन!" मी म्हटलं.

*

सगळेच दिवस असे हसण्याचे नव्हते. एकदा मावशीच्या घरी कोणीतरी म्हणालं, "आता भरली बरं पोरगी." बस. मी पुन्हा ताट सरकवलं, खोलीचं दार लावलं आणि क्लासही सोडला.

काही दिवसांनी आमच्या अंगणात गलका झाला. बघते तर रिक्षातून गाद्या उतरत होत्या! "तू येत नाई त क्लासच घेऊन आलो," भाऊ म्हणाले. भाभी डबे मांडत होत्या. शेजारच्या काकूंनी अंगणभर पसरलेल्या गाद्या पाहिल्या आणि आईला हळूच विचारलं, "पाहुणे उतरून राह्यले का? पोरीचं जमलं वाटते!"

त्या दिवशी मी सगळ्यांसोबत जेवले. काकूसुद्धा जेवून गेल्या, जमलं की नाही ते न विचारता.

*

आणि मग गडचिरोलीची स्पर्धा. व्हरांड्यात सगळ्यांसमोर वजन घेत होते. माझा गट वरचा, डॉक्टरबाईंना पसंत असलेला. पण आकडा दिसला तर रात्रीचं ताट परत जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी काट्याकडे पाठ करून उभी राहिले.

"अशी काऊन उभी?" वजन लिहिणाऱ्या मॅडमनी विचारलं. "इकडे तोंड कर."

मी वळले नाही. सगळी रांग माझ्याकडे बघत होती.

"आमच्या क्लासची रीतच आहे, मॅडम!" मागून पिंकी. आणि तिची पाळी आली तेव्हा तीही पाठमोरी चढली. मग तिच्या मागची. मग आमचा अख्खा क्लास!

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "भाऊ, हे काय आहे?"

"आमच्या इथी असंच उभं राह्यतात," भाऊ अगदी गंभीरपणे म्हणाले आणि खात्री पटावी म्हणून स्वतःही काट्यावर पाठमोरे चढले! व्हरांडाभर हशा पिकला. मॅडमही हसल्या आणि आकडे मुकाट्याने लिहून घेतले.

आम्ही निघालो तेवढ्यात रांगेतली एक मुलगी भाऊंजवळ आली. दूरच्या एटापल्ली गावची होती. एवढ्या उकाड्यातही तिने जाकीट गळ्यापर्यंत लावलं होतं. सगळे हसले तेव्हा एकटी तीच हसली नव्हती.

"सर," ती हळूच म्हणाली, "मी तुमच्या क्लासची नाई. मी बी अशीच उभी राहू का?"