तिसऱ्या माणसाचं उत्तर

आधी माफी मागतो. तन्मयवर लिहायचा अधिकार माझा आहे, असं मला अजूनही वाटत नाही. त्याचे शाळेपासूनचे मित्र आहेत, मावसभावंडं आहेत, चांगलं लिहिणारी माणसं आहेत. मी लखनौच्या हिंदी शाळेत शिकलो. मराठी आली ती आईच्या बोलण्यातून आणि गावाकडून येणाऱ्या लग्नपत्रिकांतून. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि छापून येईल असं काही लिहिणाराही पहिलाच. पण त्याच्या आई, ज्यांना मी काकू म्हणतो, म्हणाल्या, "तू लिही. त्या सगळ्यात त्याच्याबरोबर तूच होतास." त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं, ते मी विचारलं नाही. विचारता न येणं हा माझा जुना दोष आहे.

बातमी आली तेव्हा मी लखनौच्या चौक बाजारात, अण्णांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या दुकानात होतो. आमचं गलाईचं काम, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं. सांगलीकडची आमची माणसं या कामासाठी देशभर पांगली, तसे अण्णा इथे आले. भट्टीच्या आवाजात फोन ऐकू येईना म्हणून मी गल्लीत आलो. तन्मयचे बाबा होते. "संग्राम, तन्मय सापडला," ते म्हणाले. मी म्हणालो, "बरं झालं, काका." दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता, त्यामुळे मला खरंच तसं वाटलं. काकांनी माझं नाव पुन्हा घेतलं. मग म्हणाले, "ओढ्यात, खालच्या अंगाला सापडला, बाळा."

आमची ओळख कॉलेजच्या पहिल्या वर्षातली, टेम्पोतली, म्हणजे इकडच्या शेअर रिक्षातली. मी आईशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवल्यावर शेजारचा मुलगा म्हणाला, "'जेवलो' कहा तूने. झूठ! अभी तो क्लास से निकला है." मी गोंधळलो. "तुला मराठी येते?" तर म्हणाला, "समझ में पूरी आती है, बोलने में इज्जत चली जाती है." त्याचे बाबा एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, घर विकास नगरमध्ये. काकू मराठीत विचारायच्या, तो हिंदीत उत्तर द्यायचा, आणि दोघांना त्यात काही वेगळं वाटायचं नाही. त्या दिवशी त्यानं मला टेम्पोतून ओढून खाली उतरवलं आणि पुरी-सब्जी खायला घातली. "अब आई को दुबारा फोन कर. सच बोल," म्हणाला. मी खरंच केला.

तन्मय इंटरनेटवर एक पेज चालवायचा. पाठीवर सॅक टाकून, कमी पैशात फिरणाऱ्या मुलांसाठी. जिथे हॉटेल नाही, पाटी नाही, रांग लावून फोटो काढणारे नाहीत, अशा जागा तो शोधायचा. शोधायचा कसा, तर लोकांच्या फोटोंतून. कुणा शाळामास्तरानं सहलीचा फोटो टाकलेला असतो, कुणी बहिणीच्या सासरचा. मुलं चेहरे बघतात, हा मागचा डोंगर बघायचा. सावली कुठे पडलीय, झाडाला पानं आहेत का, पाणी दगडाच्या कितव्या रेघेपर्यंत आहे. मग तिथे जाऊन आलेल्या तीन अनोळखी माणसांना गाठून प्रत्येकाला तेच विचारायचा. खुद गए थे? कब? पानी कहाँ तक था? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा विचारायचा नाही. तिघांची नावं आणि उत्तरं एका शाळकरी वहीत लिहायची, आणि मगच ती जागा पेजवर टाकायची.

माझी पहिली सहल त्याच्याबरोबर झाली ती लखनौबाहेर, बख्शी का तालाबच्या पुढे, शेतांतून सायकलनं. कुणाच्या तरी फोटोत त्याला एक विटांची गोल विहीर दिसली होती. चार तास शोधून ती सापडली. आत पायऱ्या होत्या, पोपट होते, खूप थंड होतं. एक म्हातारेबुवा म्हशी घेऊन आले आणि आमच्याकडे बघत उभे राहिले. "यहाँ का धरा है, भैया?" म्हणजे इथे आहे तरी काय, असं त्यांनी विचारलं. तन्मय म्हणाला, "वही पता करने आए हैं, चाचा." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पता चले तो हमको भी बताना, साठ साल से यहीं हैं." परत येताना तन्मय एवढा हसला की सायकलवरून पडला. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की या शहरात माझंही काही आहे. तोपर्यंत मला दुकान, घर आणि कॉलेज एवढंच माहीत होतं.

या वर्षी परीक्षेच्या आधी तो प्रोजेक्टमध्ये अडकला होता. परीक्षा संपताच कुमाऊंमधल्या एका गावी जायचं त्यानं ठरवलं होतं. गाडीरस्ता जिथे संपतो तिथून पाच तास चालत, मध्ये ओढ्यावर एक लाकडी पूल. एक व्हिडिओ खूप फिरत होता, त्यात तो पूल दिसायचा. तन्मय म्हणाला, "इस बार पूछताछ तू करेगा. आधा पेज तेरा है अब." मी घरी जाऊन अण्णांनाही सांगितलं. त्यांना फार कळलं नाही, पण त्यांनी विचारलं, "लोकांचं ऐकून कसं ठरवता रं? आमच्याकडं गिऱ्हाईक सोनं घेऊन येतंय, म्हणतंय बावीस कॅरट हाय. आम्ही कसोटीवर घासल्याबिगर खरं धरतोय व्हय?" मी म्हणालो, "अण्णा, हे वेगळं असतं."

मी तिघांना गाठलं. तिघांनीही तो व्हिडिओ टाकलेला होता. पहिल्याला लिहिताना मी 'आप खुद गए थे?' असं टाइप केलं आणि खोडलं. समोरचा एवढा मोठा फिरणारा, हजारो लोक त्याला मानतात, आणि मी कोण त्याच्यावर शंका घेणारा, असं वाटलं. वर्गातही मी असाच. सर 'समजलं का' म्हणाले की मान हलवतो. मी नुसतं विचारलं, "भैया, पुल ठीक है ना?" पहिला म्हणाला, "हाँ भाई, बिंदास." दुसऱ्यानं अंगठा पाठवला. तिसरा म्हणाला, "एकदम मस्त." मी तन्मयला कळवलं, तिघांचंही झालं, पूल आहे. त्यानं लिहिलं, "शाबाश, पार्टनर."

पूल नव्हता. गावकरी म्हणाले, तो कधीचाच वाहून गेला. ते स्वतः वरच्या बाजूनं लांबच्या वाटेनं जातात. तन्मय दुपारी पोचला असावा. त्याची सॅक अलीकडच्या दगडावर नीट ठेवलेली होती, बूट बाजूला काढून. म्हणजे पाणी किती आहे ते तो आधी बघायला उतरला होता...

तेराव्यानंतर मी विकास नगरला गेलो. काकूंनी चहा केला, त्याच्या खोलीत बसवलं, आणि ती वही माझ्या हातात दिली. प्रत्येक पानावर वर जागेचं नाव, खाली तीन नावं, पुढे उत्तरं, त्याच्या तिरक्या अक्षरात. शेवटच्या पानावर गावाचं नाव आणि त्याखाली एकच ओळ होती. 'संग्राम ने देख लिया.' काकू म्हणाल्या, "जाताना मी त्याला म्हटलं, एकटा कशाला जातोस. तर म्हणाला, आई, संग्राम ने चेक किया है, टेन्शन मत ले." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. मी दोन खाल्ली. का खाल्ली, ते मला कळत नाही.

त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीला धरून होतो. तिघांपैकी एक जण जरी कधीतरी स्वतः तिथे गेलेला असेल, त्याच्या डोळ्यांसमोर पूल उभा असेल आणि नंतर वाहून गेला असेल, तर ते नशीब. मग मला काकूंच्या समोर बसता येईल. मी तिघांना पुन्हा लिहिलं, या वेळी तन्मयचा पहिला प्रश्न. पहिल्याचं उत्तर तासाभरात आलं. तो गेला नव्हता, व्हिडिओ त्यानं दुसऱ्याकडून घेतला होता. दुसऱ्यानं तो तिसऱ्याकडून घेतला होता. तिसरा कुठेतरी फिरत होता, त्याचं उत्तर येईना. पाच आठवडे मी सकाळी उठलो की आधी तेच बघायचो. काकूंनी लिहायला सांगितलं तेव्हाही मनात होतं की ते उत्तर येईल आणि मगच लिहीन.

वही आता माझ्याकडे आहे. काकू म्हणाल्या, तूच ठेव. ती मी दुकानात, अण्णांच्या कसोटीच्या दगडाशेजारच्या फळीवर ठेवली आहे. शेवटच्या पानावर माझ्या नावाखाली दोन ओळी रिकाम्या आहेत.

काल दुपारी भट्टीजवळ बसलो असताना फोन वाजला. तिसऱ्यानं लिहिलं होतं, "सॉरी भाई, लेट हो गया. मैं खुद तो नहीं गया, किसी ग्रुप में पुराना वीडियो मिला था, वही डाल दिया. अगले हफ्ते हम चार दोस्त जा रहे हैं. आप गए थे क्या? पुल ठीक है ना?"